करारात साडूचं नाव

हे मी मंगलला सांगितलेलं नाही. मंगल म्हणजे माझी बायको, आणि तिला मी बाकी सगळं सांगतो — साहेबानं चारचौघांत झापलं तरी घरी येऊन सांगतो. भावाला नाही सांगितलं, दोस्तांना नाही. देवापुढं उभा राहिलो तर तिथंही दुसरंच काहीतरी पुटपुटून निघतो. तुला सांगतोय. तुलाच का? तू मला ओळखत नाहीस, कदाचित म्हणूनच. फक्त मधे अडवू नकोस गड्या, नाहीतर मी ट्रान्सफॉर्मरच्या तेलावर बोलायला लागेन. ते मला फार छान जमतं.

मी ऑपरेटर. मूळचा वडूजचा, नोकरी सांगलीच्या बाहेर एका मोठ्या वीज उपकेंद्रात. लांबून येणारी मोठ्या दाबाची वीज आमच्याकडं उतरते आणि पुढं जाते. पाळीला बसायचं, काटे बघायचे, वरून हुकूम आला की ब्रेकर उघडायचा नाहीतर लावायचा. लोकांना वाटतं बटण दाबायला काय अक्कल लागते. लागते. कुठलं दाबायचं नाही, याची लागते.

आता तुझ्या घरचं मीटर वेगळं आणि थेट आमच्या वाहिनीवर बसलेलं गिऱ्हाईक वेगळं. मोठी सूतगिरणी, साखर कारखाना — असले. त्यांच्याशी करार असतो, चांगला जाडजूड. कुठला खटका आमचा, कुठला त्यांचा. आम्हाला विचारल्याशिवाय काय चालू करायचं नाही. आम्ही लोड कमी करा म्हटलं की किती वेळात करायचा. आणि त्यात एक कलम असं, की आमचा फोन घ्यायला गिऱ्हाइकानं एक माणूस नेमायचा, त्याचं नाव करारात घालायचं — अधिकृत प्रतिनिधी. तो किंवा त्यानं बसवलेला माणूस चोवीस तास फोनजवळ पाहिजे. आमचा फोन उचलला गेला नाही, तर आम्ही ब्रेकर उघडायला मोकळे. वर चूक त्या प्रतिनिधीची.

माधवनगरच्या पुढं एक गिरणी होती. तिच्या करारात ते नाव होतं माझ्या साडूचं. महादेवचं.

हे नाव मी अजून होईल तेवढं टाळतो. का टाळावं? तो कधी माझ्याशी वाईट वागला नाही. हेच तर — वागला असता तर बरं झालं असतं.

महादेवचं स्थळ मीच आणलं होतं, हे आधी ऐक. माझे सासरे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, गाव कोरेगावच्या बाजूला, घरचा ऊस. दोन मुली. थोरली मंगल मला दिली. पहिली काही वर्षं मी काय राजा होतो म्हणून सांगू! सरकारी नोकरीचा जावई. मी गेलो की सुभेदार खुर्ची झटकून द्यायचे, गावात कुणाच्या पाण्याच्या मोटारीत बिघाड झाला तरी "आमच्या जावयाला इचारा" म्हणायचे. मग धाकट्या उज्ज्वलाचं बघायची वेळ आली, आणि मीच म्हटलं, जतचा एक पोरगा आहे, डिप्लोमा झालेला, गिरणीत विजेचं काम बघतो, शांत आहे. शांत! मला वाटलं शांत म्हणजे मागं राहणारा. घरचं कोरडवाहू रान, टँकरचं पाणी पिऊन वाढलेला, बोलण्यात मधेच कानडी शब्द — असला धाकटा साडू म्हणजे माझ्या खुर्चीला धोका नाही. असा हिशोब मी केला होता. बघ, पहिल्या दिवसापासून माझं मन किती स्वच्छ होतं ते.

आणि झालं काय? तो हळूहळू सगळ्यांचा झाला. सासूबाईंच्या गुडघ्याला तेल कुठलं, हे त्याला माहीत. विहिरीवरचा स्टार्टर त्यानं दुरुस्त केला — मी दोनदा बघून "नवा घ्या" म्हटलेला. मंगलसुद्धा एकदा म्हणाली, "महादेवभाऊजींचं बरं हाय, उज्ज्वलाला घेऊन बाजाराला जात्यात." अंगाचा तिळपापड झाला, पण मी पेपर उघडून बसलो.

मग तो करार झाला आणि त्यात त्याचं नाव आलं. मला वाटतं खरी आग तिथून. बघ ना — त्या जाडजूड कागदात मी कुठं आहे? कुठंच नाही. "नियंत्रण कक्ष" असं लिहिलंय. मी म्हणजे एक खोली! आणि महादेव नावानिशी, आडनावानिशी, सहीनिशी. सुभेदारांना ते कळलं तर त्यांनी गावभर केलं. "सरकारच्या करारात नाव लागलंय माझ्या जावयाचं, खायाची गोष्ट हाय व्हय?" मी समोर बसलेलो. मीही जावईच होतो की.

आमच्या दोघांच्या मधे एक वेगळा फोन होता. इकडं उचलला की तिकडं थेट वाजायचा, नंबर फिरवायचा नाही, त्याचं बिल नाही, नोंद नाही. त्यावर बोलायची रीत ठरलेली. नातं काढायचं नाही. नाव, हुद्दा सांगायचा, मग मी हुकूम द्यायचा आणि त्यानं तो शब्दन् शब्द परत म्हणायचा, म्हणजे गफलत होत नाही. मी म्हणायचो, "गिरणीचा लोड निम्म्यावर आणा." तो म्हणायचा, "गिरणीचा लोड निम्म्यावर आणतो." खरं सांगू? मला ते आवडायचं. जगात तेवढ्या एका तारेवर महादेव माझं ऐकायचा. पण त्याआधी त्याला म्हणावं लागायचं, "महादेव बोलतोय, अधिकृत प्रतिनिधी" — तो ‘अधिकृत’ शब्द दाताखाली खडा आल्यासारखा लागायचा. रोज लागायचा.

तुला वाटेल, एवढ्याशा गोष्टीवर कोण असं जळतं? मी जळतो. माणसं एवढ्याशाच गोष्टींवर जळतात, मोठ्या गोष्टींवर जळायला तेवढी उंची लागते.

त्या साली अधिक महिना भर उन्हाळ्यात आला होता. अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण असतं, तुला ठाऊकच आहे. पुरणाचे धोंडे, नवा पोशाख, औक्षण. सुभेदारांनी दोघांना बोलावलं होतं. माझी पाळी सुटेपर्यंत उशीर झाला, बदली माणूस वेळेवर आला नाही. मी मोटारसायकल हाणत कोरेगाव गाठलं तर — पंगत बसली होती. महादेव पाटावर, समोर समई, कपाळाला कुंकू, खांद्यावर नवा टॉवेल. सुभेदार स्वतः त्याला तूप वाढत होते.

"आवं, तुमची पाळी कवा सुटंल काय नेम न्हाई," ते मला म्हणाले. "म्हटलं पोरगं भुकेलं बसलंय, उरकून घ्यावं. तुमी घरचंच हाय."

घरचंच! थोरला जावई मी, आणि माझं औक्षण मागाहून, उरलेल्या तेलाच्या दिव्यानं. महादेव उठायला लागला होता बरं का. "दादा, तुमी हितं बसा," म्हणाला, पाट द्यायला लागला. सुभेदारांनी त्याला खांद्यावर हात ठेवून बसवलं. तो हात मी अजून विसरलो नाही. माझ्या खांद्यावर त्यांनी असा हात कधी ठेवला नव्हता, मी राजा होतो तेव्हासुद्धा. मी दोन धोंडे खाल्ले, झकास झालेत म्हटलं, आणि घरी येऊन मंगलवर उगीच भाजीवरून खेकसलो.

आता ती दुपार. सांगतो, सांगतो.

त्याच आठवड्यातली. ऊन असं, की यार्डातली खडी पायाला चपलेतून लागायची. आमचा एक ट्रान्सफॉर्मर तापत चालला होता. माझा जोडीदार त्याचं तापमान बघायला बाहेर यार्डात गेला. आत मी एकटा. राज्यभराची वीज वाटणाऱ्या भार केंद्राचा वरून हुकूम आला — लोड कमी करा, गिरणीपासून सुरुवात करा, वेळ थोडा आहे. थोडा होता, पण होता. फोन करायचा, महादेवनं वाक्य परत म्हणायचं, मग तो एकेक यंत्र बेतानं थांबवणार. गिरणीत वीज अचानक गेली तर सूत कातणाऱ्या सगळ्या चात्यांवरचे धागे एकदम तुटतात. मग बायका ओळीनं उभ्या राहून ते जोडत राहतात, पाळ्याच्या पाळ्या. हे मला चांगलं माहीत होतं. महादेवनंच एकदा गिरणी फिरवून दाखवली होती.

मी फोनवर हात ठेवला.

आणि उचलला नाही.

एवढंच. याच्यासाठी मी तुला एवढं फिरवून आणलं. हात रिसीव्हरवर, समोर घड्याळ, आणि मी वेळ जाऊ दिला. डोक्यात काय होतं? काही मोठं कारस्थान नव्हतं. डोक्यात सुभेदारांचा तो हात होता. वाटलं — होऊ दे. बघू दे सगळ्यांना, नाव लागलेला माणूस. कळू दे एकदा की अधिकृत असणं म्हणजे काय. वेळ संपला, मी ब्रेकर उघडला. गिरणीचा काटा शून्यावर गेला. आणि मला बरं वाटलं गड्या. लय बरं वाटलं.

लगेच तो फोन वाजला. पलीकडून महादेव. रीतबीत विसरून थेट, "दादा, काय झालं? सगळं बंद पडलं!"

माझ्या तोंडून निघालं — मी विचार करायच्या आधी निघालं, शपथ घेतो — "मी कवाचा फोन करतोय, कुठं हुतास तू?"

"हितंच हुतो की."

"मग उचलला का न्हाईस?"

मागं गिरणीचा एरवी येणारा घरघराट नव्हता, त्यामुळं त्याचा श्वास ऐकू येत होता. तेव्हा म्हणता आलं असतं — अरे नाही, घाईत राहिलं, माझी चूक. माझं काय झालं असतं? खुलासा मागितला असता, एखादी वेतनवाढ अडली असती. मी म्हटलं, "ठेव आता, मला कामं हायेत."

गिरणीच्या दोन पाळ्या गेल्या. मालकांनी तक्रार केली, कळवलं का नाही म्हणून. आमच्या साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, फोन केला होता, बराच वेळ वाजवला, कुणी उचलला नाही. ते वाक्य दुसऱ्यांदा बोलायला पहिल्यापेक्षा सोपं गेलं. मग आमची माणसं आणि गिरणीची माणसं समोरासमोर बसली. साहेबांनी कराराचं ते कलम वाचून दाखवलं. महादेव एकच सांगत होता — मी जागेवर होतो, फोन वाजला नाही. भांडत नव्हता, आवाज चढवत नव्हता. नुसतं सांगत होता.

आणि मग गिरणीच्या एका म्हाताऱ्या अधिकाऱ्यानं, बिचाऱ्यानं वाट काढून दिली. म्हणाला, फोनच नादुरुस्त असेल त्या दिवशी. उन्हानं तार कुठंतरी सुटली असेल. असं होतं का हो?

माझ्याकडं बघून विचारलं. हे तुला नीट सांगायचं आहे, कारण त्या दुपारचं मी एखाद्या वेळी माझ्या डोक्याच्या तापावर ढकलतो. हे ढकलता येत नाही. तिथं पंखा होता, चहा होता, मी शांत होतो. "होतं कधीकधी" — एवढं म्हटलं असतं तर महादेव सुटला असता आणि मीही सुटलो असतो. कुणाचं काही गेलं नसतं. फोनची तार बदलली असती.

मी म्हटलं, "फोन चांगला आहे. ब्रेकर उघडल्यावर यांनीच त्याच्यावरून मला लावला होता."

का म्हटलं? तो सुटलेला मला बघवला नसता. दुसरं कारण शोधून थकलो, सापडलं नाही.

दोन दिवसांनी तो आमच्या घरी आला. मंगलनं चहा केला, ती आत गेली. त्यानं कप हातात तसाच धरला आणि विचारलं, "दादा, खरंच वाजवला हुता?"

मी केवढ्यानं ओरडलो! "म्हंजे मी खोटं बोलतोय व्हय? तुझ्यासाठी नोकरी घालवू का माझी?"

"तसं न्हवं दादा," तो म्हणाला. घाबरला बिचारा. "तुमी कशाला खोटं बोलाल? मलाच ऐकू आलं नसंल. यंत्रांच्या आवाजात... का मीच जरा हिकडं तिकडं झालो हुतो कुणास ठाऊक." चहा न पिताच गेला. जाताना दारात वाकून माझ्या पायाला हात लावला, माझ्यामुळं तुमाला तरास झाला म्हणून.

गिरणीनं करारातलं नाव बदललं आणि त्याला राजीनामा द्यायला लावला. राहायची खोली गिरणीची होती, तीही गेली. पुढं त्याला जतला एका सौर प्रकल्पावर ठेकेदाराकडं काम मिळालं. आपल्या गावाकडं गेला म्हणायचं, पण उज्ज्वला आणि पोरगी श्रुती शाळेपायी माधवनगरलाच भाड्यानं राहिल्या. तो तिकडं पत्र्याच्या खोलीत, आठवड्याला येतो, कधी येतही नाही. उज्ज्वला शिवणकाम घेते. मंगल तिला सणाला साडी देते आणि मला म्हणते, "किती केलं तरी आपलं नशीब बरं बाई." मी पेपर वाचतो.

आणि तुला वाटत असेल माझी जळजळ संपली? कसली संपतेय! मी वाट बघत होतो, सुभेदार आता तरी माझ्याकडं वळतील. ते गावात काय सांगू लागले माहीत आहे? "माणसाकडनं चूक हुती, पण आमच्या महादेवानं आपल्या अंगावर घेतली. पलटणीत असला गडी हजारात एक गावायचा." म्हणजे मी त्याला दिलेली चूकसुद्धा त्यानं अशी नेसली, की ती त्याला शोभून दिसली. मी तिथं बसून मान डोलावली आणि आतून पुन्हा तसाच पेटलो. नोकरी गेली त्याची, घर मोडलं त्याचं, आणि हेवा मलाच! याला काय म्हणावं? मला शब्द येत नाही.

परवा, म्हणजे याच वर्षी, सुभेदारांकडं सगळे जमलो होतो. श्रुती आता मोठी झाली, बापासारखाच विजेचा डिप्लोमा करतेय. जेवणं झाल्यावर ओसरीत बसलो होतो. महादेव तिला समजावत होता — कंट्रोल रूममध्ये काम करायचं असेल तर फोन सोडून उठायचं नाही म्हणून. आणि सांगू लागला. त्या दिवशी लय उकडत होतं, मी पाणी प्यायला माठाकडं गेलो, माठ रिकामा होता म्हणून पुढं कँटीनला गेलो, तिथं कुणीतरी बोलत उभं केलं... सगळं बारीकसारीक. रिकामा माठ. बोलत उभं करणारा माणूस. त्याला ते आठवत होतं. खोटं बोलत नव्हता तो, गड्या. एवढ्या वर्षांत त्यानं रोज स्वतःला विचारून विचारून ती दुपार नव्यानं तयार केली होती, आणि त्यात स्वतःला जागेवरून उठवलं होतं.

श्रुती हट्टी आहे. म्हणाली, "न्हाई पप्पा. मला न्हाई पटत. तुमी जाग्यावरनं उठणारं माणूस न्हाई."

"उठलो हुतो बाळा," महादेव हसला. "काकास्नी इचार की. त्येंनीच किती येळ वाजवला हुता."

ती माझ्याकडं वळली. उज्ज्वला बघत होती, मंगल बघत होती, सुभेदारांनी अडकित्ता थांबवला. पोरीच्या डोळ्यांत असं होतं, की मी नुसतं आठवत नाही म्हटलं तरी तिला पुरलं असतं.

मी म्हटलं, "व्हय. लय वेळ वाजवला."